बेडकाचे ओठ

तिला सगळे टाचणी म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं एक भारदस्त नाव होतं तिला, पण ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात लागायचं. अंगाने काटकुळी, जिभेने टोचरी आणि एकदा घुसली की ओढून काढल्याशिवाय न निघणारी, म्हणून थोरल्या भावाने लहानपणीच हे नाव चिकटवलं. ते तिला इतकं शोभलं की पुढे दुकानाच्या पाटीवरही तेच आलं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की इथे खुर्च्या, सोफे आणि गाद्या नव्याने मढवून मिळतील.

तीन वर्षांची असताना तिला ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. नुकतं फुटलेलं बोलणं तेवढं मागे राहिलं. आईने आणि शाळेतल्या बाईंनी जिवाचं रान करून ते जगवलं. त्यामुळे टाचणी बोलायची, आणि चांगलं खणखणीत बोलायची. काही अक्षरं एकमेकांत मिसळायची इतकंच. ऐकायची मात्र डोळ्यांनी. समोरच्याच्या ओठांवर नजर रोवली की तिला बरंचसं कळायचं. बघणाऱ्याला वाटायचं, ही जादू आहे. जादू कसली डोंबलाची! अर्धं दिसायचं, उरलेलं अंदाजाने भरून काढावं लागायचं, आणि अंदाज चुकला की फजिती ठरलेली. मीठ आणि पीठ ओठांवर एकसारखंच दिसतं. आईने मीठ मागावं आणि हिने पिठाचा डबा पुढे करावा, हे घरात इतक्यांदा झालं की आई शेवटी ‘खारट दे’ असंच म्हणायला लागली.

शाळा संपल्यावर ती एका सोफेवाल्या मास्तरांच्या हाताखाली लागली. मास्तर कामाचे पक्के, पण काम करताना तोंडात चुका धरायची त्यांना सवय. चुका म्हणजे ते बारीक खिळे, कापड लाकडाला ठोकायचे. एकेक चूक ओठातून काढायची, ठोकायची, आणि मध्येच तोंड न उघडता हुकूम सोडायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सोफ्याच्या पाठीला लावायची बटणं आणायला पाठवलं. ती गेली आणि पिशवीभर मटण घेऊन आली. मास्तर आधी खवळले, मग पोट धरून हसले, आणि दुपारी शेगडीवर ते शिजवून सगळ्या दुकानाने खाल्लं. टाचणी मात्र हसली नाही. ती मास्तरांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तोंडात चुका ठेवून बोलाल, तर माझ्याकडे चुकाच पोचणार,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून मास्तर तिच्याशी बोलण्याआधी चुका तळहातावर काढून ठेवायला लागले. गंमत अशी की पुढे ती स्वतः कारागीर झाली, तेव्हा तिलाही नेमकी तीच सवय जडली.

आता बेडकाकडे वळतो, कारण ही सगळी हकीकत बेडकाची आहे.

तिच्या लहानपणी रोज संध्याकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं. एक बेडूक होता, तो नदीवर होडी चालवायचा. एक बदक होतं, ते होडीचं कंडक्टर. आणि एक लहान मुलगी, जिला बेडूक रोज पलीकडच्या काठावरच्या शाळेत सोडायचा आणि परत आणायचा. गल्लीतली यच्चयावत पोरं त्या वेळी घरात असायची. टाचणीही असायची, पण तिच्या पदरी काय पडायचं? कार्टूनमधल्या बेडकाला ओठ कुठले! चित्र काढणाऱ्यांनी त्याला दोनच तोंडं दिली होती, एक उघडं आणि एक मिटलं. बोलायला लागला की उघडं, मिटलं, उघडं, मिटलं. बदकाची चोच त्याहून वाईट. टाचणीने डोळे फोडून बघितलं तरी त्यातून एक अक्षर निघायचं नाही.

मग दादा तिला सांगायचा. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, टीव्हीच्या शेजारी तिच्याकडे तोंड करून बसायचा आणि बेडूक काय म्हणाला ते ओठांनी बोलून दाखवायचा. किती भाऊ एवढं करतील? पण दादाही पोरच होतं, त्यालाही कार्टून बघायचं असायचं. त्यामुळे बेडूक आणि बदक चांगलं दोन मिनिटं एकमेकांवर तोंड टाकायचे, सगळी गल्ली हसून लोळायची, आणि टाचणीने दादाचा हात ओढून “काय झालं? काय झालं?” विचारलं की दादा मान वळवून सांगायचा, “भांडतायत.”

बस्स. भांडतायत. तेवढ्यावर तिने सगळं बालपण काढलं.

आणि त्यातच एक घोळ झाला. ती मुलगी बेडकाला हाक मारायची ‘मामा’. ऐकणाऱ्या सगळ्या जगाला हे माहीत होतं. पण दादाच्या ओठांवर मामा, बाबा आणि पापा यांत काडीचा फरक नाही. करून बघा हवं तर आरशासमोर, आवाज न काढता. टाचणीने वाचलं ‘बाबा’. त्यांचे स्वतःचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिना महिना घरी नसायचे. तिला रोज संध्याकाळी न चुकता येणारा एक बाबा हवाच होता, आणि तो तिला मिळाला. खात्री करून घ्यावी म्हणून तिने एकदा दादाला विचारलंही, “हा तिचा बाबा ना?” पण तिचा ‘ब’ आणि ‘म’ तेव्हा एकाच घरात नांदत होते. दादाने ऐकलं ‘मामा’, आणि मान डोलावली.

तिच्या बहिऱ्यांच्या शाळेत यावरून महायुद्ध पेटलं. वर्गातल्या अर्ध्या मुली म्हणायच्या तो बाबा आहे, अर्ध्या म्हणायच्या मामा आहे. मामापक्षाची पुढारी होती तिची जिवलग मैत्रीण, जी पुढे फोटो स्टुडिओत लागली आणि फोटोवाली म्हणून ओळखली जायला लागली. दोघी हातवारे करकरून भांडायच्या. “माझ्या दादाने मान हलवून सांगितलंय!” हा टाचणीचा हुकमी एक्का. कुणा ऐकणाऱ्या माणसाला कागदावर लिहून विचारलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण भांडण इतकं रंगात आलेलं असताना ते मिटवायचं कुणाला होतं? दोघींच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या, तरी तो वाद चालूच होता.

आणि मग त्या कार्टूनवर खरी माणसं घेऊन सिनेमा निघाला.

दादा आता तिच्या दुकानाच्याच रस्त्यावरच्या सिनेमागृहात ऑपरेटर होता, प्रोजेक्टरच्या केबिनचा राजा. कार्टूनचे बहुतेक भाग त्याला तोंडपाठ. सिनेमा येणार म्हणून तो महिनाभर हवेत होता, आणि पहिल्याच खेळाला दाणकन जमिनीवर आला. बेडूक म्हणून एका नाटकातल्या नटाला नखशिखांत हिरवा रंग फासला होता, पण ओठ मात्र माणसाचे, गुलाबी, जसेच्या तसे. बदकाची चोच नटाला बोलू देईना, म्हणून ती कपाळावर टोपीसारखी वर सरकवून ठेवलेली. सगळे जण शब्द चावून चावून, तोंड भरभरून बोलत होते. कॅमेरा सदान्‌कदा थोबाडासमोर. उजेड असा, की बेडकाच्या गालावरचा रंगाचा ओघळही दिसावा. पेपरवाल्यांनी सिनेमाची सालटी काढली. बहिऱ्याशी बोलावं तसे सगळे का बोलतात, असंही एकाने विचारलं होतं.

“हिरव्या तोंडात माणसाचे ओठ!” दादा घरी येऊन कपाळ बडवायचा. “शिसारी येते गं. मी तर रीळ चालू करून पाठ फिरवून बसतो.” रिळं जाऊन मशिनी आल्याला जमाना झाला होता, पण दादा अजून रीळच म्हणायचा.

सिनेमा आपटला. मॅनेजरांनी विचार केला, नाहीतरी हॉल ओस पडलाय, तर पुढच्या रांगांच्या फाटक्या खुर्च्या मढवून घ्याव्यात. दादाने बहिणीचं नाव सुचवलं. दुपारच्या खेळालाही काम चालू ठेवायला कुणाची हरकत नव्हती, कारण हरकत घ्यायला हॉलमध्ये माणूसच नसायचा. एखादं जोडपं कोपऱ्यात बसलेलं, आणि एक म्हातारे गृहस्थ, जे फक्त थंड हवेसाठी तिकीट काढायचे.

टाचणी खाली वाकून, कपाळाला बॅटरी बांधून, जुना रेक्झिन उचकटत होती. तोंडात चुका होत्याच. मान अवघडली म्हणून तिने डोकं वर केलं, आणि तिच्यासमोर भिंतीएवढा बेडूक होता. त्याचे ओठ एखाद्या दाराएवढे. आणि ते ओठ म्हणाले, “माझं तिकीट.”

तिने मागे वळून बघितलं, कुणी तिला तर विचारत नाही ना. मग परत पडद्याकडे बघितलं. आता बदक बोलत होतं. “तू कप्तान आहेस. तुला तिकीट कशाला?”

“होडीतून उतरल्यावर मी प्रवासीच ना!”

“मग तू उतरल्यावर होडी कोण चालवणार?”

“तो कप्तानाचा प्रश्न. मी माझं तिकीट काढलंय.”

टाचणी हसली, आणि एक चूक जवळजवळ घशात गेली. खोकत खोकत तिने सगळ्या चुका हातावर थुंकल्या आणि ती तिथेच, उचकटलेल्या खुर्चीच्या लोखंडी सांगाड्यावर, बूड टेकून बसली. हेच ते! हेच ते भांडण! दादाचं ‘भांडतायत’ उघडून आतून हे निघालं होतं. सिनेमावाल्यांनी कार्टूनमधले संवाद जसेच्या तसे उचलले होते, त्याबद्दलही पेपरवाल्यांनी त्यांना झोडपलं होतं. आणि टाचणीच्या वाट्याला ते सगळे संवाद, उष्टे न होता, अख्खेच्या अख्खे, पहिल्यांदा आले होते. कुणी पाठ फिरवून बोलत नव्हतं. कुणी तोंडावर हात घेत नव्हतं. कुणाला मिशी नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते खोकल्याचं नव्हतं.

मध्यांतर झालं तेव्हा ती उठली. पुढचा भाग बघायचा मोह तिला आवरेना, तरी तिने आवरला. एकटीने बघणं म्हणजे निव्वळ हावरटपणा. फोटोवालीने बघायला हवं, शाळेतल्या सगळ्यांनी बघायला हवं. ती तडक मॅनेजरांच्या खोलीत गेली.

मॅनेजरांना झुपकेदार मिशा होत्या आणि त्यांच्याशी बोलणं म्हणजे टाचणीला झुडपामागच्या माणसाशी बोलल्यासारखं वाटायचं.

“हा सिनेमा कधीपर्यंत आहे?” तिने विचारलं.

मिशा हलल्या. तिने बोटाने मिशा वर धरायची खूण केली. मॅनेजर भला माणूस, त्यांनी खरंच दोन्ही हातांनी मिशा वर उचलल्या आणि म्हणाले, “गुरुवारी शेवट. शुक्रवारी नवा लागतोय.”

“रविवारी दुपारी एक खेळ ठेवा. हॉल भरून देते.”

“कुणी भरायचा?”

“बहिऱ्यांनी.”

मॅनेजरांच्या हातातून मिशा सुटल्या. ते बराच वेळ काहीतरी बोलत राहिले, ते तिला दिसलं नाही आणि तिने विचारलंही नाही. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं: दुपारची वेळ मोकळी आहे, पण ऑपरेटरची सुट्टी असते. तुमचे बंधू येत असतील तर माझी ना नाही.

म्हणजे गाडी येऊन अडली ती दादापाशी.

संध्याकाळी घरी तिने विषय काढला आणि दादा ताटावरून उठायच्या बेतात आला. “टाचणे, तुला वेड लागलंय? तो सिनेमा? सुट्टीच्या दिवशी? अगं, त्या लोकांनी आपल्या बेडकाचं वाटोळं केलंय!”

“आपल्या नाही,” ती म्हणाली. “तुझ्या.”

“म्हणजे?”

टाचणी उठली. दादाने जुन्या कार्टूनचे सगळे भाग जपून ठेवले होते. तिने एक लावला आणि आवाज पार बंद केला. पडद्यावर बेडूक आणि बदक तावातावाने बोलायला लागले. उघडं, मिटलं, उघडं, मिटलं.

“सांग, काय म्हणतोय?”

“हा ना? हा म्हणतोय, पूर आला तरी आपण...”

“पाठ केलेलं नको. ओठात दाखव. कुठल्या ओठात ‘पूर’ दिसतोय, बोट ठेवून दाखव.”

दादा पुढे सरकला. मग आणखी पुढे सरकला. नाक टीव्हीला टेकेपर्यंत गेला. पाठ असलेला भाग संपला आणि ज्यातलं त्याला धड आठवत नव्हतं असा एक प्रसंग सुरू झाला. बेडकाचं तोंड उघडत मिटत राहिलं. दादा बघत राहिला. बदकाने काहीतरी फटकारलं, मुलगी टाळ्या पिटून हसली, आणि ती का हसतेय ते घरात कुणालाही कळेना.

“काय चाललंय?” टाचणीने विचारलं.

दादाने हळूच मान वळवली. “भांडतायत,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

तिला त्याची दया आली, पण तिने ती दाखवली नाही. दया दाखवली असती तर तो निसटला असता.

“येईन रविवारी,” तो शेवटी म्हणाला. “पण सिनेमा भिकार आहे तो आहेच. मी फक्त बटण दाबीन आणि पाठ फिरवून बसेन.”

“बस की. तुझी पाठ कोण बघतंय?”

मग तिची पळापळ सुरू झाली. दिवसा खुर्च्या मढवायच्या, कारण माणसं बोलवायची आणि उचकटलेल्या लोखंडावर बसवायची हे तिच्या धंद्याला शोभलं नसतं. आणि हात मोकळा झाला की फोनवर निरोप. फोटोवालीने तर कहर केला. तिने शाळेच्या जुन्या सहलीच्या फोटोतल्या प्रत्येक पोरीला आणि पोराला हुडकून काढलं. निरोपात एकच गोष्ट लिहिली: बाबा की मामा, रविवारी निकाल. एवढं वाचल्यावर घरी कोण बसतंय!

रविवारी मॅनेजर दारात उभे होते, आणि त्यांच्या समोरून माणसांची रांग आत चालली होती. शिंपी होते, सुतार होते, छापखान्यातले होते, बँकेत बसणारे होते, एक दातांची डॉक्टर होती. सगळे एकदम बोलत होते आणि आवाज कसलाच नव्हता. नुसते हात चालले होते. मॅनेजरांना काय करावं सुचेना, म्हणून ते प्रत्येकाला नमस्कार करत सुटले.

“दिवे पूर्ण घालवू नका,” टाचणीने त्यांना बजावलं. “अंधारात आम्ही एकमेकांशी बोलणार कसं?”

सिनेमा सुरू झाला. तिकिटाचं भांडण आलं आणि हॉल जो फुटला! बहिरी माणसं हसताना शेजाऱ्याची भीड धरत नाहीत, कारण आपला आवाज किती झाला हे त्यांना मोजता येत नाही. बाहेर मॅनेजरांना वाटलं आग लागली. ते धावत आत आले आणि दारातच थबकले. या सिनेमाला त्यांच्या हॉलमध्ये आजवर कुणी हसलं नव्हतं, आणि इथे माणसं नव्या मढवलेल्या खुर्च्यांवर बुक्के मारत होती. टाचणीचा जीव एकदा रेक्झिनसाठी कळवळला, पण शिवण पक्की होती.

मध्यांतरानंतर पूर आला. होडी उलटली, बदक वाहून जाता जाता वाचलं, आणि मुलगी काठावर एकटी उभी राहिली. काठावरचा शिपाई तिला विचारतो, हा बेडूक तुझा कोण? सबंध हॉलमध्ये एकही हात हलेना. टाचणीने फोटोवालीचं मनगट पकडलं. पडद्यावर मुलीचा चेहरा आला, पूर्ण, समोरून, भरपूर उजेडात. ती म्हणाली, “मामा.”

झालं! हॉलमध्ये एकच गोंधळ. बाबा म्हणाली! नाही, मामा! पापा! अर्धा हॉल उठून उभा. माणसं मागच्या रांगेकडे तोंडं करून भांडायला लागली. आणि पडद्यावरच्या शिपायाला, देव त्याचं भलं करो, ऐकू कमी येत असावं, कारण त्याने परत विचारलं, “कोण?”

मुलीने मोठ्ठं तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, “आईचा भाऊ!”

आईचा. भाऊ. यात चुकायला जागाच नव्हती. आईचा माऊ कुणी नसतो आणि आईचा पाऊही नसतो. एका क्षणात शेकडो हात वर गेले आणि हवेत थरथरायला लागले. बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात. फोटोवाली खुर्चीवर चढून नाचत होती. टाचणी हरली होती. इतक्या वर्षांचा वाद, सगळ्या शाळेदेखत, तिनेच भांडून लावलेल्या सिनेमात, ती सपशेल हरली होती. आणि तिचेही दोन्ही हात वर होते, सगळ्यांत जोरात हलत होते. बाबा नव्हताच तो. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे बांधील नव्हता, तरी रोज संध्याकाळी होडी घेऊन येत होता. तिला तो बेडूक आता पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

तेवढ्यात फोटोवाली नाचता नाचता थांबली. तिने खुर्चीच्या हातावर पंजा ठेवून बघितला, मग मागे वळून केबिनच्या खिडकीकडे हातवारे करायला लागली. आणखी चारपाच जण तसेच वळले. पुराच्या प्रसंगात खुर्ची मघापासून ढोलासारखी धडधडत होती, अंगात ते धडधडणं शिरत होतं, आणि आता खुर्ची मेली होती. आवाज कुणीतरी बंद केला होता!

टाचणी जिना चढून केबिनमध्ये गेली. दादा पाठ फिरवून बसलेला नव्हता. तो खिडकीच्या काचेला नाक लावून उभा होता.

“आवाज का बंद केलास? सगळे ओरडतायत.”

दादा दचकला. “त्यांना कसं कळलं?”

“खुर्च्यांतून कळतं. आवाज लाव आधी!”

त्याने मुकाट्याने आवाज लावला. हॉलमध्ये वर झालेले हात परत खाली आले. मग दादाने खुलासा केला, ओशाळून, तिच्याकडे नीट तोंड करून. ते भयंकर संगीत आणि ती चावून बोलायची तऱ्हा त्याला सहन होत नव्हती. खाली सगळे बहिरे, कुणाला काय कळणार, म्हणून त्याने गपचूप आवाज घालवला. आणि आवाज गेल्यावर बघण्याशिवाय दुसरं काही करायला उरलं नाही, म्हणून त्याने बघितलं.

खाली सिनेमा संपायला आला होता. बेडूक काठावर उभा राहून मुलीला शाळेत जाताना बघत होता. त्याला तिथे एकही शब्द नव्हता. नुसते ते गुलाबी ओठ, आधी हसले, मग जरा कापले, आणि मग त्याने ते घट्ट मिटून घेतले, पोरीने वळून बघितलं तर तिला काही दिसू नये म्हणून. दादा काचेतून बघत होता आणि टाचणी दादाकडे बघत होती.

दिवे लागले. मॅनेजर धापा टाकत जिना चढून आले, मिशा दोन्ही हातांनी वर धरून. “ताई, पुढच्या रविवारी ठेवू? आणि त्याच्या पुढच्या? शेजारच्या गावातली शाळा विचारतेय!”

“ऑपरेटरना विचारा,” टाचणी म्हणाली.

मॅनेजर दादाकडे वळले. दादाने नुसती मान हलवली. मॅनेजर आल्या पावली खाली पळाले, बाहेर पडणाऱ्या लोकांना सांगायला.

केबिनमध्ये दोघंच उरली. दादाने मशीन बंद केलं, चष्मा पुसला, परत लावला. ज्या सिनेमाला त्याने गल्लीभर शिव्या घातल्या होत्या, मित्रांत ज्याची नक्कल करून दाखवली होती, त्याच्याविषयी काही बोलायचं म्हणजे त्याला घशातून खिळा ओढून काढण्यासारखं झालं होतं. शेवटी तो बोलला, पण भिंतीकडे तोंड करून.

टाचणीने त्याच्या हनुवटीला धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

“माझं चुकलं,” दादा म्हणाला. “फार चांगला आहे गं तो बेडूक.”

शब्द न् शब्द तिला स्वच्छ दिसला. एकही अक्षर अंदाजाने भरावं लागलं नाही.

“काय?” ती म्हणाली. “नीट कळलं नाही. परत सांग.”